भोंग्यासाठी गप्प बसलेलं घर

तुम्ही सगळ्या मला विचारताय ना, की हल्ली मी फोनवर अशी चोरासारखी कुजबुजत का बोलते, कुणी पकडलंय का मला, तर सांगते. फक्त मधे कुणी तोंड घालू नका, माझा धागा सुटला की मी भलतीकडेच जाते, तुम्हाला माहितीये.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहेच. लाउडस्पीकर, माइक, दिव्यांच्या माळा, सगळं भाड्यानं. खाली गोदाम, मधल्या मजल्यावर आई, बाबा आणि मी, वरच्या मजल्यावर ताई आणि भाऊजी. त्यामुळे शांतता म्हणजे काय असते हे आम्हाला फक्त वीज गेल्यावर कळायचं. बाबा तर जन्मात हळू बोललेले नाहीत. दुकानात जाऊन ते मीठ मागतात तेव्हा शेजारचा दुकानदारही मीठ पुढे करतो. भाऊजी आमच्याकडेच मिक्सरवर बसायचे. स्वयंपाकघरातला मिक्सर नाही गं, तो बटणांचा लांबलचक पाट असतो ना, आवाज कमीजास्त करायचा, तो. भाऊजी हॉलच्या मागच्या टोकाला आणि ताई पुढे स्टेजवर माइक लावायला. मधे हा गोंगाट. मग बोलणार कसं? खुणांनी. अंगठा वर म्हणजे आवाज वाढव, तळवा खाली म्हणजे कमी कर, मूठ वळली की एकदम बंद. आमच्या धंद्यात सगळेच असं बोलतात. या दोघांनी त्या खुणा करता करता लग्नही जमवून टाकलं, आणि बाबांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटत होतं दोघं मन लावून काम करतायत."

तर लग्न झालं, वर्षं गेली, मूल काही होईना. दवाखाने झाले, औषधं झाली, शेवटी ताई म्हणाली, पुरे, आपण दत्तक घेऊ. एका संस्थेत नाव घातलं. तिथल्या एक बाई आहेत, चष्मा गळ्यात, तोंडावर हसू नाही पण डोळ्यांत आहे, अशा. त्यांनी एक दिवस ताई-भाऊजींना बोलावलं आणि सरळच सांगितलं, "बाळ आहे. मुलगा. चार महिन्यांचा. पण आधीच बोलून ठेवते. पोटात होता तेव्हा त्याची आई रोज प्यायची. बाळ फार रडतं, नीट पीत नाही, नीट झोपत नाही. दोन घरांनी नेलं आणि दोघांनी परत आणून दिलं."

बस, ते 'परत आणून दिलं' ताईच्या डोक्यात जाऊन बसलं. घरी येऊन जेवेना. म्हणाली, "भाड्यानं नेलेला स्पीकर आहे का, खरखर आली की परत आणून द्यायला?"

अट एकच होती. तीन महिने आम्ही सांभाळायचं, मग बाई घरी येऊन बघणार. जमतंय असं वाटलं तर मूल कायमचं ताईचं. नाहीतर ते दुसऱ्या गावच्या मोठ्या बालगृहात जाणार, जिथं खोलीभर पाळणे आणि सांभाळायला दोन आया. ताई त्या बालगृहात जाऊन बघून आली होती. काय बघितलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, पण त्या रात्रीपासून 'जमलं तर' हा शब्द तिच्या तोंडून गेलाच.

आणि मग आम्ही काय केलं असेल बाळाच्या स्वागताला? अख्ख्या जिन्यावर पळत्या दिव्यांच्या माळा. खिडकीत गोल फिरणारा रंगीत दिवा. वर भाऊजींनी मोठे स्पीकर लावून पक्ष्यांचा किलबिलाट सुरू केलेला, का तर म्हणे मुलांना निसर्ग आवडतो. ताई त्याला घेऊन दारात आली, एवढंसं गाठोडं, बारीक डोळे, वरचा ओठ म्हणजे नुसती रेघ, आणि बाबा त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "या साहेब."

साहेबांनी जो सूर लावला ना, खाली गोदामात कामाला असलेला माणूस पळत वर आला, त्याला वाटलं कुठलातरी कर्णा आपोआप सुरू झाला. बाबांनी कौतुकानं त्याच क्षणी नाव ठेवून टाकलं, भोंगा.

मग तो रडतोय म्हणून आम्ही त्याला रमवायला लागलो. आई खुळखुळा वाजवतेय, मी टाळ्या, बाबा शीळ, भाऊजींनी पक्षी बंद करून समुद्र लावला. तो आणखी रडला. आम्ही आणखी कार्यक्रम वाढवला. आमच्या धंद्यात कसं असतं, लोक कंटाळले की आवाज वाढवायचा, आम्हाला दुसरा उपाय माहीतच नाही. भोंगा रडून रडून निळा व्हायचा, हातपाय थरथर कापायचे, बाटली तोंडात धरली की दोन घोट ओढायचा आणि दमून सोडून द्यायचा. एकेक बाटली संपवायला तास. ताईच्या डोळ्यांखाली काळं. आई तर एकदा म्हणालीच, "बाई गं, मला भीती वाटते, आपणही तिसरं घर होतो की काय." ताईनं तिच्याकडे असं बघितलं की आई उठून भांडी घासायला गेली, आणि भांडी आधीच घासलेली होती.

मग बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आम्ही म्हणजे सगळे, कारण आमच्याकडे कुणी एकटं कुठं जात नाही. त्यांनी त्याला बघितलं, डोकं मोजलं, वजन केलं, आणि म्हणाल्या, पोटात असताना दारू पोचली की बाळाच्या मेंदूवर असा परिणाम होतो, हे सगळं त्यातलंच.

आईनं आपलं काळजीनं विचारलं, "मग डॉक्टर, ती उतरेल ना हळूहळू?"

"काय उतरेल?"

"दारू."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, "आजी, दारू केव्हाच उतरली. पण मेंदू घडत होता तेव्हा ती तिथं होती. जे घडायचं ते वेगळं घडलं."

बाबा म्हणाले, "म्हणजे वायरिंग चालू असताना भिंतीत पाणी मुरलं."

"तसंच समजा. आता भिंत फोडून वायरिंग बदलता येत नाही. पण घर चालवता येतं. तुम्हाला-मला इथं पंख्याचा आवाज येतो, पण आपण तो बाजूला टाकतो. याला टाकता येत नाही. पंखा, दिवा, कपड्याची शिवण, तुमचा हात, सगळं एकदम आणि सारख्याच जोरात अंगावर येतं."

बाबांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माइक फुल उघडा, आणि बंद करायचं बटणच नाही." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्हा दोघांनाही तो खिडकीतला रंगीत दिवा आठवला. 

निघताना आई पुटपुटली, "त्या जन्म देणारीला काही वाटलं कसं नाही." तर डॉक्टर म्हणाल्या, "तिला कुणी वेळेवर सांगितलं होतं का, आणि सांगितल्यावर सोडवायला कुणी हात दिला होता का, हे आपल्याला माहीत नाही. हौसेनं कुणी करत नाही असं." ताईनं तेवढ्यात भोंग्याचं टोपरं सारखं केलं आणि म्हणाली, "आई, तिच्याबद्दल याच्यासमोर काही बोलायचं नाही. आता नाही आणि मोठा झाल्यावरही नाही." विषय संपला.

आता पुढचं ऐका. बाबा घरी आले ते हातात टॉर्च घेऊन अख्खं घर कान लावून फिरले. खरंच कान लावून, भिंतीला, कपाटाला, सगळीकडे. पंचवीस वर्षं लोकांच्या हॉलमधली गुणगुण शोधून काढणारा माणूस. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता, ट्यूब काढली, साधा पिवळा दिवा लावला, त्यावर कागद. फ्रिज खाली गोदामात गेला, त्यामुळे दूध आणायला दोन जिने. घड्याळातला सेल काढला. नळाच्या तोटीला सुतळी बांधली, म्हणजे थेंब सुतळीवरून उतरतो, टप्प वाजत नाही. स्टेजचे जाड मखमली पडदे आणून ताईच्या खोलीला चारी बाजूंनी लावले. दाराची घंटा काढून टाकली. भाऊजींनी त्यांचे करकरणारे बूट एका भाच्याला देऊन टाकले.

आणि आम्ही बोलायचं बंद केलं.

असं काही ठरवून नाही हं. ताई आधी कुजबुजायची, मग म्हणाली कुजबुजीतला 'स' त्याला टोचतो, मग आम्ही आपोआप खुणांवर आलो. सगळ्यांना येतच होत्या. चहा हवा असेल तर अंगठा वर, साखर कमी असेल तर तळवा खाली. आई-बाबांचं भांडणसुद्धा खुणांनी. आई एका दमात आठ-दहा खुणा करायची, बाबा फक्त मूठ वळून दाखवायचे, आणि आई आणखी भडकायची. समोरच्या शिवणकामवाल्या काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय गं, घरात कुणी रुसलंय का? महिना झाला तुझ्या बाबांचा आवाज नाही. मला झोप लागत नाही."

पण भोंगा झोपायला लागला. हे खरं. ताई त्याला दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळायची, छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसायची, ना हलवणं ना डुलवणं. थरथर कमी झाली. बाटली अर्ध्या वेळात. वजनाच्या काट्यावर काटा पुढे सरकला तेव्हा आम्ही सगळ्यांनी दवाखान्यात अंगठे वर केले आणि तिथल्या नर्सला वाटलं आम्हाला बोलता येत नाही, ती बिचारी आमच्याशी मोठमोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली.

आम्ही जाम खूश. येऊ देत म्हटलं आता बाई.

बाई आल्या. घंटा नाही, म्हणून त्यांनी दार वाजवलं, तर दाराला बाबांनी फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड ठोकलेलं, आवाजच नाही. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मी दूध आणायला खाली निघाले तेव्हा दारात त्या. मी घाबरून तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना हातानं 'या' केलं.

आत आई उभी राहिली, खुर्ची दाखवली. बाबांनी नमस्कार केला आणि हातानं विचारलं, चहा? भाऊजींनी तळवा खाली केला, म्हणजे हळू बोला. बाई एकेकाकडे बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात कुणाला ऐकायला कमी येतं का? फाइलमध्ये तसं काही नव्हतं."

 ताईनं पडदा सारून त्यांना आत नेलं. भोंगा गादीवर, जागा, शांत, मखमलीकडे बघत पडलेला. ताईच्या चेहऱ्यावर असा अभिमान की बघवत नव्हता. बाई खाली बसल्या, तोंड त्याच्याजवळ नेलं, पण अंतर ठेवून, आणि म्हणाल्या, "काय रे राजा, बरा आहेस?"

तो त्यांच्या ओठांकडे बघतच राहिला. असा, जसं काही ओठ हलतात हे त्याला आजच कळलं. 

"हा आवाज काढतो का? अं, ऊं, काहीतरी?" बाईंनी विचारलं.

ताईनं मान हलवली, नाही. मग तिला कळलं की बोलायला हवं, तर घसा खाकरावा लागला. "रडतो. पण आता खूप कमी रडतो."

"तुम्ही बोलता त्याच्याशी?"

ताई दुपट्याची घडी घालायला लागली.

"घरात कुणी बोलतं?"

बाबा पडद्यातून डोकं घालून म्हणाले, म्हणजे कुजबुजलेच, "बाई, आम्ही सगळंच बंद केलंय. मुख्य बटणच."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, या मुलाला बोलणं उशिराच येणार आहे. शब्द लक्षात ठेवणं त्याला जड जाणार आहे. त्यात घरात शब्दच नसतील तर तो घेणार कुठून? गोंगाट नको, बरोबर. पण आवाजच नको असं कोण म्हणालं तुम्हाला?" मग म्हणाल्या, "मला आज संध्याकाळी संस्थेत सांगायचंय, हा इथं राहणार की नाही. आत्ता जे बघतेय त्यावरून काय सांगू, तुम्हीच सांगा."

ताईचा चेहरा, काय सांगू तुम्हाला. दोन महिने ज्या गोष्टीवर आम्ही उड्या मारत होतो, तीच उलटली. दुसरं कुणी असतं तर नुसतं हळू बोलायला लागलं असतं. आम्ही जास्तच हुशार. आवाज एकतर पूर्ण वर, नाहीतर थेट बंद, मधलं आम्हाला कधी जमलंच नाही.

ताईनं त्याला उचललं. दुपट्यात गुंडाळलं. बाटली घेतली. आणि बोलायला लागली. काय बोलावं हे तिलाही माहीत नव्हतं, त्यामुळे जे करत होती तेच सांगत सुटली. "आता मी बाटली घेतली. आता तुझ्या तोंडापाशी आणली. हे दूध आहे, खालच्या फ्रिजमधलं, तुझी मावशी आणते आणि अर्धं जिन्यात सांडते." आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला, सगळा एकाच सुरात. भोंगा पिता पिता तिच्या तोंडाकडे बघायला लागला. चार घोट, मग थांबायचा, बघायचा, मग चार घोट.

आणि बाबांना राहवेना. ते आत आले आणि प्रेमानं म्हणाले, "शाब्बास रे माझ्या वाघा." त्यांच्या मते हळू. पण दोन महिन्यांचं साठलेलं, सगळं एकदम बाहेर आलं.

भोंग्याची बाटली उडाली. हात दुपट्यातून सुटले, पाठ कमानीसारखी वाकली, आणि तो पहिल्या दिवशीचा सूर, तोच, वरचा. आमच्या सगळ्यांच्या मुठी एकदम वर. बाबांचा चेहरा पांढराफटक. मी बाईंकडे बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं.

ताईनं आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. भिंतीकडे वळली, त्याचे हात परत आत घेतले, छातीशी धरलं. भाऊजींनी दिवा घालवला. आईनं बाबांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि मलाही. बाई तेवढ्या आत राहिल्या. आम्ही पडद्याबाहेर उभे, एकमेकांचे श्वास ऐकत. तो रडत होता, रडत होता, बाबा कपाळाला हात लावून जमिनीवर बसले. मग रडण्यात मधे मधे खाच पडायला लागली. मग हुंदके. मग काही नाही.

आणि मग त्या अंधारातून परत ताईचा आवाज. "ते आजोबा होते. त्यांना हळू बोलता येत नाही. शिकवू आपण त्यांना."

मी फटीतून बघत होते, अर्थात. बाई म्हणाल्या, "तो गप्प झाला होता. परत का बोललात? पुन्हा रडला असता."

"रडला असता तर परत धरलं असतं. आत्ता थांबले असते ना, तर उद्यापासून आम्ही सगळे परत गप्प बसलो असतो. माझी माणसं माहीत आहेत मला."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "पुढचंही सांगते, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावायला नको. आज शिकवलेलं हा उद्या विसरेल. एका जागी बसणार नाही. शाळेतून तक्रारी येतील. लोकांना वाटेल तुम्ही वाढवलं नीट नाही. औषधानं जाणारं हे नाही."

"माझी धाकटी बहीण रोज चार्जर विसरते. तिला आम्ही कुठं परत केली?"

बघा, म्हणजे माझ्या जिवावर. बाई हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "हे तसं नाही."

"माहितीये मला," ताई म्हणाली. "चार्जर दुसरा मिळतो. हे तसं नाही, ते कळतं मला. त्याला रोज नव्यानं सांगावं लागेल, तर सांगेन. बोलायला तर सुरुवात केली ना आता."

बाईंनी दुपट्याचं टोक बोटानं जरा दुमडलं, त्याला हात न लावता. "मी घरोघरी जाते ना, तेव्हा न रडणारं मूल बघायला जात नाही. ते कुठेच नसतं. रडल्यावर घरातलं कोण कुठं जातं, ते बघते." मग उठल्या. "राहू दे याला. पण पुढच्या महिन्यात येईन तेव्हा दारातून मला माणसांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. आणि ते फेल्ट काढा, माझी बोटं दुखली."

पडद्याबाहेर काय झालं विचारू नका. आई रडत होती, बाबा ओठ दाबून रडत होते, म्हणजे आवाज न करता, आणि भाऊजी खुणा करत सुटले होते, त्यातल्या निम्म्या मलाही कळल्या नाहीत.

आता आमच्याकडे नियम असा की ज्याच्या हातात भोंगा, तो बोलणार, बाकीच्यांनी तोंड बंद, आणि तुमचा फोन आलाच तर अशी कुजबुज. एका वेळी एकच माणूस, एकच आवाज, दिवा मंद. बाबांना ताईनं अक्षरशः शिकवणी लावलीये, ते बिचारे गोदामात भिंतीसमोर उभे राहून हळू बोलायचा सराव करतात. परवा त्यांनी भोंग्याला जुन्या ॲम्प्लिफायरची सगळी कहाणी सांगितली, त्याच्या कानापासून दोन हात लांब बसून, घाम पुसत पुसत, आणि तो रडला नाही. झोपला. बाबांना तर वाटलं मैदान मारलं.

संध्याकाळची पाळी माझी. आणि मला सांगा, सात-आठ महिन्यांच्या पोराशी रोज काय बोलायचं? हवापाणी दोन दिवसांत संपलं. घरातलं ताई सांगते. मग मी त्याला तुमच्याबद्दल सांगते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणी नोकरी सोडायची ठरवलीये आणि घरी सांगितलेलं नाही, कुणाचं कुणावर मन आहे, सगळं. आज सांगितलेलं उद्या परत सांगते, त्याला दोन्ही दिवशी तितकंच नवल. असा डोळे बारीक करून ऐकतो ना, तुमच्यापैकी एकीनंही माझं असं ऐकलेलं नाही कधी.

काल तुझ्या, हो गं, तुझ्याच, त्या भानगडीपर्यंत आलो होतो. तेवढ्यात त्याच्या घशातून काहीतरी आलं, रडणं नव्हे, ढेकरही नव्हे. ताई म्हणते ढेकरच. असेल. डॉक्टर म्हणतात बोलायला वेळ लागेल, इतरांपेक्षा बराच. लागू दे. तुमची गुपितं तोवर सुरक्षित आहेत, तेवढं तरी माझ्यावर उपकार समजा. चला, उठते मी, माझी पाळी सुरू होईल, उशीर झाला की ताई बाबांना बसवते आणि मग शिवणवाल्या काकूंनाही सगळं कळतं.